महापालिकेच्या नावात उरलेलं गाव



स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला, तेव्हा बहुतेकांनी विषय आधीच वाटून घेतले होते. कुणी गणिताच्या सरांवर लिहिणार होतं, कुणी सहलीवर, कुणी गॅदरिंगच्या नाटकावर. माझ्या वाट्याला काही उरलं नाही म्हणून मी शाळेखालची जमीन घेतली. म्हणजे अक्षरशः जमीन. आपण ज्या मैदानावर सकाळी प्रार्थनेला उभे राहायचो, ते मैदान होण्याआधी तिथं काय होतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पडायला बराच उशीर झाला. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा माझ्या कागदपत्रांवर 'नांदेड-वाघाळा शहर महानगरपालिका' असं वाचून शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, "नांदेड ठाऊक आहे, हे वाघाळा काय?" मी म्हटलं, "आहे एक गाव." ती म्हणाली, "मग त्याचं नाव महापालिकेला कसं?" मला सांगता येईना. दहा वर्षं त्या गावाच्या शिवारात राहिले, शिकले, सायकल चालवायला शिकताना तिथल्याच मातीत गुडघे फोडून घेतले, आणि मला चार वाक्यं बोलता आली नाहीत.

त्याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती भलत्याच ठिकाणी. २०११ साली कंपनीनं मला लंडनला पाठवलं. घरभाडं परवडेल आणि सांबार मिळेल अशा हिशेबानं टूटिंग भागात खोली घेतली. रोज ज्या भुयारी स्टेशनवरून कामाला जायचे त्याचं नाव टूटिंग बेक. हे 'बेक' कसलं, म्हणून एका रविवारी वाचनालयात विचारलं. बेक हा फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातला एक मठ. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजानं १०८६ मध्ये सगळ्या मुलखाची जमीनमोजणी करून घेतली, त्या दप्तरात टूटिंगची जमीन या मठाच्या नावावर आहे. अशा जहागिरीला तिकडे 'मॅनर' म्हणतात. मालकाची काही जमीन खास त्याची, बाकीची कुळांकडे. कुळांनी आपलं पीक काढायचं आणि ठरलेले दिवस मालकाच्या शेतावर राबायचं. गावातली भांडणं मालकाच्या कचेरीत तुटायची आणि कुणाकडे कोणता तुकडा आहे हे त्याच कचेरीच्या वहीत लिहिलं जायचं. कुळाला त्या नोंदीची नक्कल मिळायची, म्हणून त्या वहिवाटीला नाव पडलं 'कॉपीहोल्ड'. हा प्रकार कायद्यानं पूर्ण संपला तो १ जानेवारी १९२६ ला. इंग्रज आपल्याला आधुनिकता शिकवायला आले असं आपण वाचलं, पण त्यांच्या स्वतःच्या गावगाड्यातलं हे शेवटचं जोखड उतरून अजून शंभर वर्षंच होत आहेत.

मठाची मालकी पंधराव्या शतकातच गेली. पुढे तिथं शेतं राहिली, मग श्रीमंतांचे बंगले आले. १९०३ मध्ये विजेची ट्राम आली आणि त्याच वर्षी लंडन कौंटी कौन्सिलनं टूटिंगच्या शेतजमिनीवर बांधलेल्या टॉटरडाउन फील्ड्स वसाहतीत पहिली बिऱ्हाडं राहायला आली. कामगारांसाठी रांगेनं बांधलेली, पुढं चिमूटभर अंगण असलेली ती घरं पाहिली आणि मी थबकलेच. ही तर आपली सिडको! तोच नकाशा, तीच एकसारखी दारं, आणि लोकांनी आपापल्या परीनं रंग देऊन, ग्रील लावून केलेला तोच वेगळेपणाचा प्रयत्न. शेताचं नाव वसाहतीला राहिलं, मठाचं नाव स्टेशनला राहिलं, शेत आणि मठ दोन्ही गेले.

मग आपल्याकडे काय होतं?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकणारी जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षांच्या मातीच्या भिंती पडून, पुन्हा उभ्या राहून वस्तीची माती पांढुरकी होते. माळवदावर टाकायला हीच माती लागायची. पांढरीच्या उंचवट्यावर गढी असली, की ती देशमुखाची किंवा पाटलाची समजावी. अकरावी-बारावीला आपल्यातले बरेच जण लातूरला गेले, तशी मीही गेले. तिथं खोलीवरच्या मैत्रिणीच्या गावी अशीच एक गढी होती. भिंत ढासळलेली, आत एरंड वाढलेले आणि लोक माळवदासाठी टोपल्या भरभरून तिची माती नेत होते. ज्या भिंतीच्या सावलीतून जाताना पूर्वी पायातली चप्पल हातात घ्यावी लागे, ती भिंत आता घराघरांच्या छपरावर पसरली होती. १९९३ च्या भूकंपात माळवदं माणसांवर कोसळली आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत त्या छपराचीच धास्ती बसली, ही गोष्ट वेगळी.

गढीवाल्याचा हक्क वतनाचा. देशमुख आणि देशपांडे परगण्याचे, पाटील आणि कुलकर्णी गावाचे. वसूल गोळा करायचा, हिशेब ठेवायचा, त्याबद्दल इनाम जमीन आणि मानपान मिळायचे. हे वतन पिढीजात. जहागीर त्याहून वेगळी. ती वरून, राज्यकर्त्याकडून मिळायची: अमुक गावांचा वसूल तुम्ही खा, बदल्यात फौज ठेवा किंवा चाकरी करा. मुघलांकडे जहागीर बदलत राहायची, निझामाच्या राज्यात ती बहुतेक घराण्यांकडे पिढ्यान् पिढ्या राहिली. हैदराबाद संस्थानचा सुमारे ६० टक्के मुलूखच सरकारी महसूल खात्याकडे, म्हणजे दिवाणी होता. उरलेल्यात निझामाची खासगी सर्फ-ए-खास, पायगा सरदारांचे मुलूख, जहागिरी आणि छोटी संस्थानं. मोठ्या जहागीरदारांची स्वतःची कचेरी, स्वतःचे पोलीस असायचे. म्हणजे एका गावच्या माणसाला न्याय तालुक्याला मिळायचा आणि त्याच्या बांधाला लागून असलेल्या गावच्या माणसाला मालकाच्या ओसरीवर.

पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ दिवाण होता. त्यानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, पगारी अधिकारी नेमले आणि देशमुख-देशपांड्यांचं वसुलीचं काम काढून घेऊन त्यांना 'रुसूम' नावाची ठरावीक रक्कम लावून दिली. काम गेलं, पण गढी, इनाम आणि दरारा राहिला. वेठबिगारही राहिली. टूटिंगच्या कुळाचे मालकाच्या शेतावरचे दिवस निदान वहीत मोजलेले होते. आपल्याकडे बोलावणं आलं की जायचं, एवढाच नियम.

१७ सप्टेंबर १९४८ आपण दरवर्षी झेंडावंदन करून साजरा केला. मुक्तिसंग्रामाच्या गोष्टी सरांनी सांगितल्या. स्वामी रामानंद तीर्थांचं चित्र तर आपल्या डोळ्यांसमोर असायचं. पण पुढच्या सात वर्षांत जे झालं ते आपल्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं होतं, आणि सामान्य माणसाच्या घरात खरा फरक पडला तो त्या सात वर्षांत. १५ ऑगस्ट १९४९ ला जहागिरी रद्द करणारा कायदा आला. कायद्याच्या नावात सालसुद्धा जुन्याच पद्धतीनं फसली १३५८. १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा आला, आणि कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' म्हणून हक्क मिळण्याची वाट उघडली. मग इनामं रद्द करणारा कायदा झाला. आणि १९५४-५५ मध्ये झाली खासरा पाहणी: गावोगावी प्रत्येक सर्व्हे नंबरला मालक कोण आणि प्रत्यक्ष ताब्यात कोण, याची नोंद. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा विचारतो, "खासरा आहे का?" जुन्या व्यवस्थेतून नव्या व्यवस्थेत डेटा नेणं हे माझं रोजचं काम आहे. त्या दृष्टीनं पाहिलं तर खासरा पाहणी ही या भागातली केवढी मोठी कामगिरी होती, हे मला कळतं. नोंद नीट उतरली त्याचा हक्क टिकला. ज्याचं नाव तलाठ्याच्या लेखणीतून निसटलं, त्याच्या नातवाला आजही ते सिद्ध करता येत नाही.

आता आपल्या काठावर येऊ. नांदेड शहर गोदावरीच्या उत्तर तीरावर वाढलं. घाट, किल्ला, गुरुद्वारा, रेल्वे, गिरणी, सगळं तिकडे. दक्षिण तीरावर कौठा, वाघाळा, विष्णुपुरी ही शेतीची गावं. लातूरला जाणारा रस्ता यांच्याच शिवारांतून जातो. विष्णुपुरीला १९८१ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झालं (पुढे तिथंच मीही शिकले). गोदावरी अडवून विष्णुपुरीचा प्रकल्प झाला. सिडकोनं जसं औरंगाबाद आणि नाशिकला केलं तसं इथं 'नवीन नांदेड' वसवलं आणि शेजारी हडको आली. आपण नववीत असताना १७ सप्टेंबर १९९४ ला विद्यापीठ स्थापन झालं आणि रिक्षावाले 'युनिव्हर्सिटी, युनिव्हर्सिटी' ओरडायला लागले. या तीरासाठी वाघाळा नगरपालिका होती. २६ मार्च १९९७ ला नांदेड आणि वाघाळा या दोन नगरपालिका मिळून महापालिका झाली आणि नावात दोन्ही गावं राहिली. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं हे कागदावरचं उत्तर. तरीही आपल्या आया अजून पूल ओलांडताना म्हणतात, "नांदेडला जाऊन येते." महापालिकेनं १९९७ मध्ये जोडलेलं शहर बोलण्यात अजून जोडलेलं नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आपल्या वर्गात तीन प्रकारची मुलं होती. आठवतंय ना? सिडको-हडकोतली नोकरदारांची, आपल्यासारखी. नांदेडहून सिटी बसनं येणारी थोडी. आणि आसपासच्या गावांतून चालत किंवा सायकलनं येणारी. ही तिसरी मुलं मागच्या बाकांवर बसायची. त्यांना आपण 'गावठाण' म्हणायचो. 'गावठाण आलं का रे?' 'गावठाणाचा डबा बघ, भाकरीच.' मीही म्हटलंय. त्यातल्या एकाला तर हेच नाव पडलं आणि दहावीच्या निरोपसमारंभात निवेदन करताना मी ते माईकवरून घेतलं. सगळे हसले. तो पण हसला. मला वाटलं, गंमत आहे, त्यालाही आवडली.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. घराची कागदपत्रं आईच्या नावावर करायला मी फाईल काढली. आमचं घर एका खासगी ले-आउटमधलं. वडिलांनी १९८७ साली प्लॉट घेतला तेव्हा सगळीकडे शेतच होतं. खरेदीखताच्या मागच्या पानावर ले-आउट ज्या जमिनींवर पडला त्यांचे सर्व्हे नंबर होते, आधीच्या मालकांची नावं होती. त्यात एक आडनाव ओळखीचं दिसलं. रात्री ग्रुपमधून नंबर शोधून त्याला फोटो पाठवला आणि विचारलं, हे तुमच्यापैकी कुणी का?

सकाळी त्याचा फोन आला. त्याचं बोलणं अजून तसंच आहे. "अगं, आमचा आजाच तो. चिंचंचं शेत म्हनायचे त्याला. तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर चिंच होती का न्हाई?"

होती. तिच्या चिंचा आम्ही खाल्ल्या होत्या. गल्लीतल्या लोकांनी पार बांधला होता. ती रस्त्यात आली आणि तोडली, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो.

त्यानं मग सगळं सांगितलं. आजा आधी एका इनामदाराचं कूळ होता. मालकाच्या घरी लग्न निघालं की चुलीसाठी लाकडं फोडायला घरातलं एक माणूस जायचं, फुकट. खासऱ्यात आज्याचं नाव लागलं, पुढे जमीन मालकीची झाली. "नावावर झाली तवा आज्यानं गावात गूळ वाटला म्हनं. आमच्या घरात पहिला कागुद तोच. लुगड्यात बांधून उतरंडीत ठिवला होता आजीनं." तीस-पस्तीस वर्षांत शहर पुलावरून इकडे आलं. आत्याचं लग्न होतं, विहिरीचं कर्ज होतं, भाव आला होता. आज्यानं त्यातली निम्मी जमीन विकली. "इकली तवा दोन दिस जेवला न्हाई. पन इकली त्यानंच. कुनी जबरदस्ती न्हाई केली. उगं कुनाला दोष द्यायचा न्हाई."

मी गप्प झाले. मग तोच म्हणाला, "तुमी मला गावठाण म्हनायचा तवा मला लई हसू यायचं. म्हनलं, आमच्याच शेतात बसून आमालाच गावठाण म्हनतेत."

ते हसू मी निरोपसमारंभात पाहिलं होतं आणि मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता.

मी या माहितीचं काय करावं यावर बरेच दिवस विचार करत होते. माझ्या वडिलांनी चूक काहीच केली नव्हती. बावीस वर्षं भाड्याच्या घरात काढून, सोसायटीचं कर्ज काढून त्यांनी बाराशे फुटांचा तुकडा घेतला. माझ्या मित्राच्या आज्यानंही चूक केली नव्हती. दोघांनाही आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचा कागद मिळाला होता, एकाला १९५० च्या दशकात आणि दुसऱ्याला १९८७ मध्ये, आणि तोही एकाच जमिनीचा. मालकाच्या ओसरीपासून आमच्या दिवाणखान्यापर्यंत ती जमीन अवघ्या दोन पिढ्यांत आली. टूटिंगला याच प्रवासाला साडेआठशे वर्षं लागली. आपल्याकडे ते इतकं झपाट्यानं झालं की शेजारी बसलेल्याच्या घरात काय घडतंय हे आपल्याला दिसलंच नाही.

आणखी एक फरक आहे. टूटिंगचा तो मठ, त्या कचेरीतल्या वह्या, शेतांची नावं हे सगळं तिथल्या वाचनालयात बसून मला, एका परदेशी बाईला, एका दुपारी वाचता आलं. आपल्या आज्यांचे कागद मोडीत आणि उर्दूत आहेत, आणि ते वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. सातबारा आज मोबाईलवर निघतो, पण त्यात चिंचेचं शेत असं लिहिलेलं नसतं. जमीन बिनशेती झाली, सिटी सर्व्हे झाला की सातबाराही बंद होतो आणि मालमत्ता पत्रक येतं. त्यावर नंबर आणि चौरस मीटर. शेताचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही. ते फक्त माणसांच्या तोंडात असतं, आणि ती माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून मेळाव्याला येताना एक काम करून या, अशी माझी विनंती आहे. आपल्यातले जे वाघाळा, कौठा, विष्णुपुरी आणि आसपासच्या गावांतले आहेत, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आपापल्या शेतांची जुनी नावं लिहून आणावीत. विहिरींची, ओढ्यांची, झाडांचीसुद्धा. आपण कॉलनीवाल्यांनी घराच्या फाईलीतला जुना सर्व्हे नंबर काढून आणावा. मी एक मोठा नकाशा छापून आणते. दुपारच्या जेवणानंतर त्यावर दोन्ही नावं लिहू: आपल्या गल्लीचं आणि तिच्याखालच्या शेताचं. सर, बाई, तुम्हालाही त्यात बसायचं आहे. शुद्धलेखन तपासायला कुणीतरी हवंच.

आणि निरोपसमारंभात माईकवरून घेतलेलं ते नाव मी माईकवरूनच परत घेणार आहे. तो येणार आहे, मी विचारलं. म्हणाला, "येतो की. येताना चिंचा आनतो. दुसऱ्या शेतात एक झाड हाय अजून."